चिनी नववर्षाला पाहुणे म्हणून जाताना

सांगली-साताऱ्याकडे आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया हवाच: १०१, ५०१. चीनला निघताना ही सवय घरीच ठेवा. नववर्षाच्या लाल पाकिटात, म्हणजे होंगबाओत, रक्कम समच लागते. विषम रक्कम तिथे दुःखाच्या प्रसंगी देतात. ४ अशुभ, म्हणून ४० आणि ४०० सुद्धा नको. ८८, १६८, २०० युआन छान. ग्वांगडोंगमध्ये १०-२० युआनवरही भागतं, उत्तरेकडे रकमा मोठ्या असतात. नोटा कोऱ्या करकरीत घ्या, नाणी घालू नका. पाकीट यजमानांच्या मुलांना दोन्ही हातांनी द्या आणि तुम्हाला मिळालंच तर त्यांच्यासमोर उघडू नका. पांढरं पाकीट चुकूनही नको, ते मयताचं.

साताऱ्याचे कंदी पेढे नेण्याचा मोह आवरा. प्रवाशांनी दुधाचे पदार्थ सोबत आणायला चीनमध्ये बंदी आहे, त्यामुळे पेढे विमानतळावरच काढून घेतील. ताज्या द्राक्षांचंही तेच. त्यापेक्षा तासगावचे बेदाणे सीलबंद न्या आणि जोडीनं द्या, दोन पुडे. घड्याळ भेट देऊ नये.

तारीख दरवर्षी बदलते, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान. दिनदर्शिकेत पौष किंवा माघाची अमावास्या बघा, त्याच सुमारास सण येतो. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. रेल्वेचं आरक्षण १५ दिवस आधी उघडतं आणि गर्दीच्या मार्गांवरची तिकिटं भराभर संपतात. मालाच्या खरेदीसाठी मात्र हे दिवस टाळाच, कारखाने बंद असतात. बरीच दुकानं पाचव्या दिवशी, धनदेवतेच्या स्वागतानंतर उघडतात. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात. त्या दिवशी घर भरलेलं असतं, आधी विचारूनच जा.

जेवताना चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, मृतांसाठी उदबत्त्या तशाच लावतात. नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणातला मासा मुद्दाम शिल्लक ठेवतात, ताट साफ करायचा आग्रह धरू नका. माळकऱ्यांनी नुसतं ‘मटण नको’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही हाडांचा रस्सा किंवा ऑयस्टर सॉस (कालवांचा) असतो. बौद्ध मंदिराजवळची शाकाहारी खानावळ शोधा. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. नववर्षाच्या पहिल्या दिवशी कित्येक चिनी घरांत शाकाहारच असतो, तेव्हा जेवणाचं आमंत्रण त्याच दिवसाचं घ्या.