टीएलडी चालू असताना कॅल्शियम, आयर्न कधी घ्यायचं?

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, आता बहुतेकांना टीएलडीच मिळते: टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र असलेली, दिवसाला एक गोळी. तिच्यातलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध कॅल्शियम, आयर्न, झिंक, मॅग्नेशियम पोटात एकत्र आलं की त्यांनाच चिकटून बसतं आणि रक्तात कमी जातं. म्हणजे एकही डोस चुकवला नाही तरी औषध पुरेसं पोचत नाही, आणि हे कळतं कधी, तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, वाढल्यावर. म्हणून ताकदीच्या गोळ्या बंद करू नका, फक्त वेळा नीट लावा.

उपाशीपोटी घेत असाल तर टीएलडी आधी आणि कॅल्शियम किंवा आयर्न २ तासांनी, नाहीतर ते आधी घेतलं असेल तर टीएलडी ६ तासांनी. पोटभर जेवणासोबत मात्र दोन्ही एकदम चालतं.

गरोदर ताईंनी तर हे नीट बघाच, कारण आयर्नची लाल गोळी रोजची आणि कॅल्शियम दिवसातून दोनदा. आयर्न न् कॅल्शियमही एकत्र नको. सोपं गणित सांगते: सकाळी नाश्त्यानंतर कॅल्शियम, दुपारी आयर्न, रात्री जेवताना टीएलडी आणि दुसरं कॅल्शियम. आयर्न चहासोबत अजिबात नको.

ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी असते ना, त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, तिथं जेवणाची सवलत नाही, २ आणि ६ तासांचा नियम पाळायचाच. ॲसिडिटीचीच पॅन्टोप्राझोल गोळी टीएलडीसोबत चालते, पण सेकंड लाइनवर, म्हणजे पहिली औषधं लागू न पडल्यावर दिलेल्या औषधांवर असाल तर आधी विचारा, त्यातल्या अटाझानाव्हिरला ती चालत नाही.

मल्टिव्हिटॅमिन रोजच्या गरजेएवढंच पुरे. टांझानियात एआरटीवरच्या लोकांना जास्त डोस देऊन बघितला, २०१२ साली निकाल आला, फायदा काही दिसला नाही, उलट लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते एएलटी वाढलेलं. महागडे डबे घेऊन पैसे घालवू नका हो! डब्ल्यूएचओच्या हिशोबाने लक्षणं नसताना १० टक्केच जास्त खायचंय, ते मूठभर शेंगदाण्यात भागतं. टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन असेल तर २० ते ३० टक्के, मग अंडं, उसळ, भाकरी वाढवा.

जिमवाल्यांनो, क्रिएटिनची पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच, त्याने क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट वाढलेला येतो आणि टीएलडीतल्या टेनोफोव्हिरमुळे किडनी बिघडली की काय अशी शंका येते. पुढच्या वेळी सेंटरवर जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक डब्यांसकट, पिशवीत घालून न्या आणि काउन्सेलरकडून वेळा लिहूनच घ्या.