नोकरी शोधताय? या चुका टाळा

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं भरतीचं काम करते आहे. रविवारी सकाळी प्रतापनगरच्या आमच्या घरी कोणी ना कोणी रिझ्युमे घेऊन येतंच. शेजारणीचा मुलगा, पोळ्या करणाऱ्या मावशींची मुलगी, दिरांच्या मित्राचा भाचा. पोरं हुशार असतात, मेहनतीलाही मागं नसतात. पण निकाल लागले की दरवर्षी त्याच चुका नव्या चेहऱ्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतात आणि माझा जीव तुटतो. म्हणून एकदा लिहूनच काढते.

दिसेल तिथं अर्ज

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून आधी तीच.

काही वर्षांपूर्वी आम्हाला क्वालिटी विभागात एक डिप्लोमावाला हवा होता. मेकॅनिकल झालेल्या एका मुलाचा रिझ्युमे मला आवडला. पॉलिटेक्निकचे मार्क चांगले होते, प्रोजेक्टही मोजमापाशी संबंधित दिसत होता. अकराच्या सुमारास मी फोन लावला. मी कंपनीचं नाव सांगितलं, तर पलीकडून प्रश्न आला, ‘‘कोणती कंपनी मॅडम? मी लई ठिकाणी भरलं आहे.’’ मी पुन्हा नाव सांगितलं, पद सांगितलं. मुलगा म्हणाला, ‘‘कोणतंही चालते मॅडम, मी उद्याच येतो.’’

माझ्यासमोर अकरा नावं होती. मी त्याच्या नावापुढं रेघ मारली आणि पुढचा नंबर फिरवला. निर्दयपणा नव्हता तो. ज्याला आमचं काम काय आहे हेच माहीत नाही, तो आठ दिवसांत सोडून जाईल, ही भीती असते आणि ती अनेकदा खरी ठरलेली असते.

दोन महिन्यांनी तोच मुलगा एका शेजारणीच्या ओळखीनं माझ्या घरी आला. नाव ऐकून मी ओळखलं. त्यानं मोबाइल पुढं केला. दोन महिन्यांत साडेतीनशेच्या वर अर्ज, सगळे अंगठ्यानं बटण दाबून केलेले. ‘‘काकू, एवढं करूनही काहून कोणी बोलवत नाही?’’ असं विचारताना त्याचा आवाज भरून आला होता. त्याला मी त्या फोनची आठवण दिली तेव्हा तो कितीतरी वेळ गप्प बसला. तो फोन आला होता हेच त्याच्या लक्षात नव्हतं.

त्याचा रिझ्युमे उघडला. वरती चार ओळींचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ‘माझं ध्येय’ सांगणारा मजकूर, कुठल्या तरी सेतू केंद्रातल्या नमुन्यावरून उतरवलेलं. खाली ‘हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर’. मी विचारलं, प्रोजेक्टमध्ये नक्की काय केलंस? तर म्हणाला, एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन साठ शाफ्ट मोजले आणि माल परत का येतो ते शोधलं. मायक्रोमीटर वापरलास? हो. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती? ‘‘०.०१ मिमी. व्हर्नियरचा ०.०२.’’ पटकन आलं उत्तर. मग हे कागदावर कुठं आहे? कुठंच नव्हतं. आम्ही ऑब्जेक्टिव्ह खोडलं आणि त्या जागी हाताळता येणारी उपकरणं आणि साठ शाफ्टची गोष्ट दोन ओळींत लिहिली.

मग मी त्याला एक फुलस्केप वही दिली. मी प्रत्येकाला हेच करायला लावते. एक्सेल नको, वहीच हवी, कारण ती फोनजवळ उघडी राहते. रकाने असे: अर्जाची तारीख, कंपनी, पद, कोणता रिझ्युमे पाठवला, कोणाशी बोलणं झालं, काय झालं, पुन्हा कधी विचारायचं. आठवड्याला दहाच अर्ज करायचे. जाहिरात दोनदा वाचायची, त्यातल्या कामाच्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारायची आणि आपल्याला येणारं त्यातलं काय, ते रिझ्युमेच्या वरच्या चार ओळींत आणायचं. खोटं काहीही आणायचं नाही. एका अर्जाला पाऊण तास लागतो. ‘एवढा वेळ?’ असं मला रोज कोणीतरी विचारतं. हो, एवढाच वेळ. साडेतीनशे बटणं दाबायला गेलेल्या दोन महिन्यांपेक्षा तो कमीच आहे.

त्या मुलाच्या वहीत तीन आठवड्यांत सत्तावीस नोंदी झाल्या आणि चार ठिकाणांहून बोलावणं आलं. हिंगण्याच्या एका कंपनीत तो लागला, आजही तिथंच आहे.

‘फक्त मिहान’

आयटीवाल्या पोरांना नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमधल्या टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल एवढीच नावं दिसतात. नागपूर तेवढंच नाही. गायत्रीनगरचं आयटी पार्क आहे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांनाही ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सांभाळणारी, डेटा बघणारी माणसं लागतातच. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर अशा तीन एमआयडीसी आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं इथंच आहेत आणि त्यांच्या भरतीच्या जाहिराती त्यांच्याच संकेतस्थळावर येतात. एक रविवार काढा आणि आपल्या शिक्षणाला चालणाऱ्या तीस कंपन्यांची यादी हातानं लिहा. ही यादी होईपर्यंत मी कोणाचा रिझ्युमे हातात घेत नाही.

ओळख आणि वशिला यातला फरक

‘काका, तुमच्या कंपनीत कुठंतरी लावून द्या ना.’ हे वाक्य काकांना अडचणीत टाकतं. कुठं लावायचं? कोणाला सांगायचं? मग काका ‘पाहतो’ म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

त्याऐवजी असं म्हणा: ‘काका, तुमच्याकडे मेंटेनन्समध्ये ट्रेनी घेतात का? माझी पीएलसीची, म्हणजे यंत्रं आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरची, ट्रेनिंग झाली आहे. त्या विभागातल्या कोणाशी दहा मिनिटं बोलता येईल का, काम कसं असतं ते विचारायचं आहे.’ याला माणसं मनापासून मदत करतात. आमच्याकडे आतल्या माणसानं सुचवलेला रिझ्युमे मी आधी वाचते, हे लपवण्यासारखं नाही. मुलाखत मात्र सगळ्यांसारखीच होते. आणि ज्यानं मदत केली त्याला पुढं काय झालं ते कळवा, नकार आला तरी. हे शंभरात पाचजणसुद्धा करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तोंडी ‘पक्कं समजा’वर राजीनामा

ही चूक मी स्वतः केली आहे.

२००८चा सप्टेंबर. मी पंचवीस वर्षांची होते, एका छोट्या कंपनीत ऑफिसचं काम करायचे. दुसऱ्या, मोठ्या ठिकाणी मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी हात मिळवून सांगितलं, ‘‘तुमचं पक्कं समजा, पत्र आठवड्यात येईल.’’ मी घरी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. तिकडची बँक बुडण्याचा आणि माझा काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये फोन आला की वरून भरती थांबवली आहे. जुन्या जागी दुसरी मुलगी रुजू झाली होती.

पाच महिने मी घरी होते. स्कुटीचा हप्ता आईनं भिशीच्या पैशांतून भरला. ती एका शब्दानंही बोलली नाही, पण महिन्याच्या पाच तारखेला स्टीलच्या डब्यातून नोटा मोजून काढताना मी तिच्याकडे बघू शकत नसे. आज कोणी मुलगा ‘साहेब चांगले आहेत, शब्दाचे पक्के आहेत’ म्हणतो तेव्हा मला तो डबा दिसतो. साहेब चांगलेच असतात हो. पण भरती थांबवायचा निर्णय त्यांच्या हातात नसतो.

म्हणून ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. पत्र कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून आलेलं हवं. त्यात पद, रुजू व्हायची तारीख, कामाचं ठिकाण आणि पगाराची फोड हवी. ‘नंतर पाठवतो’ म्हणाले तर तुम्हीही ‘पत्र मिळालं की राजीनामा देतो’ एवढं नम्रपणे सांगा. यावर कोणी चिडलं तर तिथं न गेलेलंच बरं.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. तो ३ लाख ६० हजार म्हटला की पोरं बारानं भागतात आणि महिन्याला तीस हजार धरून पुण्यात खोली बघायला लागतात. कागद घ्या. समजा मूळ वेतन १५,००० आहे. कंपनीचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, बहुतेक वेळा याच तीस हजारांत धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी बाजूला टाकलेले, सुमारे ७२० रुपयेही त्यातच. उरले साडेसत्तावीस हजारांच्या जवळपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात येतात साधारण साडेपंचवीस हजार. सीटीसीत दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारी रक्कम, असेल तर ते वर्षाच्या शेवटी मिळेल किंवा कमी मिळेल, म्हणजे दर महिन्याचे आणखी तीन हजार वजा. मग पुण्यातलं भाडं, डबा, दिवाळीला नागपूरला यायचं ट्रॅव्हल्सचं तिकीट मांडा आणि नागपुरातल्या बावीस हजारांशी ताडून बघा. पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिथं शिकायला जास्त मिळणार असेल तर जरूर जा, पण हे गणित गाडीत बसण्याआधी झालेलं असू द्या.

छोट्या वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

नोकरीसाठी पैसे मागितले की विषय संपला. रजिस्ट्रेशन, सिक्युरिटी, लॅपटॉप डिपॉझिट, नाव काहीही असो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजू नका, त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

रिझ्युमेच्या फाइलचं नाव ‘न्यू फायनल २’ नको. स्वतःचं नाव आणि पद टाका.

फोनची कॉलर ट्यून काढा. अनोळखी नंबर उचला.

अप्रेंटिसशिपला ‘एवढ्याशा स्टायपेंडवर कोण जाईल’ म्हणून नाक मुरडू नका. आयटीआय, डिप्लोमा आणि पदवी, सगळ्यांसाठी १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली ही सोय आहे, आणि आमच्या शॉप फ्लोअरवरचे तीन सुपरवायझर असेच आत आले.

स्पर्धा परीक्षा करत असाल तर मनापासून करा, पण कधी थांबायचं ती तारीख आजच लिहून घरच्यांना दाखवा. एमपीएससीत खुल्या वर्गाला ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे, म्हणून ३८पर्यंत वाट बघायची नसते.

इंग्रजीच्या भीतीनं तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावण्याआधी स्वतःचं प्रोजेक्ट दहा साध्या इंग्रजी वाक्यांत सांगायचा सराव करा, आरशासमोर नको, घरातल्या माणसासमोर. मराठी माध्यमातली कितीतरी मुलं मी घेतली आहेत. त्यांना अडवणारी गोष्ट इंग्रजी नव्हती, स्वतःचं काम सांगता न येणं होती. माहीत नसेल तिथं ‘हे मला येत नाही, शिकून घेईन’ म्हणा. त्यावरून मी आजवर कोणाला नापास केलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी पत्ता शोधणं

बुटीबोरी सीताबर्डीपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि एमआयडीसीत शिरल्यावर प्लॉट नंबर शोधण्यात आणखी वेळ जातो. दर मे महिन्यात एखादा तरी उमेदवार भलत्याच गेटवर उतरतो आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दोन किलोमीटर चालत येतो. खुर्चीत बसतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, घसा कोरडा, हातातली फाइल घामानं ओली. पहिली पंधरा मिनिटं तो काय बोलतोय ते त्यालाही कळत नाही. मी आधी पाणी देते, पंख्याखाली बसवते, पण बाजूला बसलेल्या विभागप्रमुखांना पुढच्या मीटिंगला जायचं असतं.

मिहानला जायचं असेल तर खापरीपर्यंत आणि हिंगण्याला जायचं असेल तर लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आहे. पुढं ऑटो मिळतो का ते आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघून या. गेटवरच्या वॉचमनला विचारा, उद्याची मुलाखत कोणत्या बिल्डिंगमध्ये आहे, आत जायला कोणतं ओळखपत्र लागतं. आधार कार्डाची झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि डोक्याला बांधायला दुपट्टा बॅगेत आदल्या रात्रीच ठेवा.