आडवी झालेली कॅटमरान पालथी होऊ नये म्हणून

छोटी कॅटमरान, म्हणजे दोन हल (लांबट, अरुंद तरंगते भाग) जोडून केलेली शिडाची बोट, आडवी होणं हा शिडाच्या खेळाचा भागच आहे. होबी १६ सारखी १४५ किलोची बोट दोघं मिळून थोड्या वेळात पुन्हा उभी करू शकतात. पण डोलकाठी खाली जाऊन बोट पूर्ण पालथी झाली, तर काम कितीतरी अवघड होतं. मुंबई बंदरासारख्या उथळ, गाळाच्या पाण्यात काठीचं टोक चिखलात रुतून वाकण्याची भीती वेगळीच. हे टाळण्याची अर्धी तयारी किनाऱ्यावरच करावी लागते.

आधी डोलकाठी बघा. ॲल्युमिनियमची काठी आतून पोकळ असते आणि त्या हवेवरच ती तरंगते. आत शिरलेला प्रत्येक लिटर पाणी म्हणजे एक किलोचा आधार गेला. काठी उतरवून शांत पाण्यात दाबून धरा आणि सावकाश फिरवा. रिव्हेटांभोवती किंवा टोकांच्या बुचांपाशी बुडबुडे दिसले की खूण करा, आणि काठी पूर्ण सुकल्यावर तिथे सीलंट भरा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी दर मोसमात कराच.

मग काठीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे हलका तरंगणारा डबा, बसवा. १० लिटरचा फ्लोट स्वतःचं वजन वजा जाता साधारण ९ किलो उचलतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण काठी सुमारे ८ मीटर लांब आहे. त्यामुळे ७० किलोचा माणूस एक मीटर बाहेर झुकल्यावर जेवढा जोर लागतो, तेवढा तो एकटा लावतो. नवशिक्यांनी तरी फ्लोटशिवाय निघू नये, असं माझं ठाम मत आहे. काही जण तो दिसायला बरा नाही म्हणून काढून ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही.

बोट कलंडली की वरच्या हलला लोंबकळू नका आणि शिडावर पडू नका. दोन्हींमुळे काठी आणखी खाली जाते. ट्रॅम्पोलीनला (दोन हलमध्ये ताणलेल्या कापडी बैठकीला) धरून खालच्या हलवर उतरा. बोट सोडू नका, कारण वाऱ्याने ती पोहणाऱ्यापेक्षा वेगाने वाहत जाते. लगेच मेनशीट आणि जिबशीट (मोठं आणि पुढचं शीड आवरायचे दोर) क्लीटमधून, म्हणजे दोर अडकवायच्या खाचेतून, मोकळ्या करा.

आता वारा. काठी वाऱ्याच्या खालच्या बाजूला असेल, तर उभं राहिलेलं ट्रॅम्पोलीन वारा धरतं आणि बोट पालथी ढकलतं. दोघांनी खालच्या हलवरून पुढच्या टोकाकडे सरका. पुढचा भाग दबतो, मागचा वाऱ्याने फिरतो आणि बोटीचं नाक वाऱ्याकडे वळतं.

नाक वळलं की मधे या. उभं करायचा दोर वरच्या हलवरून घ्या आणि ट्रॅम्पोलीनच्या खालच्या अंगाला, काठीच्या विरुद्ध बाजूला, पाठ पाण्याजवळ जाईल इतके मागे झुका. झटके देऊ नका. शिडातलं पाणी निथळायला वेळ लागतो. बोट उठू लागली की वरचा हल तुमच्याच दिशेने खाली येईल, तेव्हा डोकं सांभाळा आणि खालचा हल घट्ट धरा, म्हणजे ती पलीकडे कलंडणार नाही.

पहिला सराव हलक्या वाऱ्यात, काठीच्या लांबीपेक्षा खोल पाण्यात, लाईफ जॅकेट घालून आणि मदतीची बोट जवळ ठेवून करा.