खाड्याच्या आकड्यात गेलेली माझी दोन वर्षं

गिरणी कामगारांच्या इतिहासावर पीएच.डी. करायची म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितेय. नेट-सेट, प्रवेश, फेलोशिप यांचे नियम तुम्हाला माहीतच असतील, त्यात शिरत नाही.

माझा विषय कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेली माणसं, 1920 ते 1940. 1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. माझे पणजोबाही त्याच वाटेने आलेले. त्यामुळे विषय घरचाच वाटला आणि तिथेच मी गाफील राहिले.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं मासिक 'लेबर गॅझेट' 1921 पासून निघायला लागलं. त्यातले गैरहजेरीचे टक्के मी महिनावार उतरवले. शेजारी कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी 1929 साली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढच्या मालकांच्या साक्षी ठेवल्या. आलेख सुरेख जुळले. निष्कर्ष काढला: कामगार मनाने शेतकरीच, गाव सुटत नाही म्हणून गिरणीत टिकत नाही. गाईडना प्रकरण आवडलं.

मग लालबागला साचेखात्यातल्या, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्या विभागातल्या, एका निवृत्त आजोबांकडे गेले. खाड्यांबद्दल, म्हणजे गैरहजेरीबद्दल, विचारलं तर म्हणाले, "बाय, खाडा कुणाचा? मी बदली. रोज भोंग्याला दारात उभा. आत घेतलं नाही, तो खाडा माझा की गिरणीचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा सापळा नीट समजून घ्या. कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर (मागावर) बदली, म्हणजे त्याच्या जागी रोजच्या रोज घ्यायचा हंगामी कामगार, घेत. कुणाला घ्यायचं ते जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, ठरवायचा. आपल्या माणसांना काम मिळावं, दस्तुरी (काम देण्याबद्दल कामगाराकडून घ्यायचे पैसे) मिळावी म्हणून तो कायमवाल्यालाही घरी बसवी. जॉबरचा हा हात आवरावा म्हणूनच 1935 मध्ये मालकांच्या संघटनेने बदलींची नोंदणी सुरू केली. आता सांगा, दारातून परत पाठवलेला माणूस गैरहजेरीच्या टक्क्यात कुठे दिसतो? कुठेच नाही. कामगार आला नाही ते मोजलं जातं, गिरणीने घेतलं नाही ते मोजलं जात नाही. आणि महिन्याला किती पाळ्या मिळतील याचा भरवसा नसलेला माणूस गावचा जमिनीचा तुकडा सोडणार कशाला? मी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून बसले होते. मालकांचा युक्तिवाद मी माझा शोध म्हणून लिहिला होता.

दोन वर्षं गेली. पीएच.डी.ला सहा वर्षांची मुदत असते, त्यातली दोन. फेलोशिप संपली, आता तासिका तत्त्वावर शिकवून उरलेलं लिहितेय. अजून रात्री त्याचा त्रास होतो.

पण घाबरून विषय सोडू नका. उतरवलेले आकडे वाया जात नाहीत, प्रश्न बदलला की तेच कामी येतात. आणि 'खाडा', 'दस्तुरी', 'त्रासन खातं' (सूतकताईचा विभाग) हे शब्द कानावर पडलेला संशोधक मुलाखतीत ज्या ठिकाणी थांबेल, तिथे इतरांना थांबायचं सुचणारही नाही.

गाईड नावाजलेला नसला तरी चालेल, महिन्याभरात प्रकरण वाचून परत देणारा हवा. पैसे भरून लेख छापू नका, अजिबात. फक्त पीडीएफवर प्रबंध उभा करू नका. काळा घोड्याला पुराभिलेखागारात बसा, गठ्ठे यायला वेळ लागतो, पण एका गठ्ठ्यात शेजारी लागलेला कागद पुष्कळदा मागवलेल्या कागदापेक्षा मोलाचा निघतो. आणि मुलाखती शेवटी ठेवू नका. मी ठेवल्या होत्या.

त्या आजोबांनी निघताना एक वही दाखवली. 1960 नंतरची, म्हणजे माझ्या काळाच्या पुढची, पण पद्धत तीच. पाळी मिळाली त्या दिवशी रेघ, नाही मिळाली त्या दिवशी टिंब. एका जून महिन्यात नऊ रेघा, सतरा टिंबं. नवं प्रकरण त्या पानापासून सुरू केलंय.