पोर्टेबल लाइट लावताना या चुका टाळा

शूटच्या जागी पोचलो की हात शिवशिवत असतात. स्टँड उघडायचा, फ्लॅश चढवायचा, मागे दुसरा लाइट लावायचा आणि मग पहिला फोटो काढायचा. तो बिघडतो, पण कशामुळे ते कळत नाही, कारण एका दमात पाच गोष्टी बदललेल्या असतात. मग पॉवर वाढव, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) उतरव, फ्लॅशपुढची छत्री काढून सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लाव असं सुरू होतं आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू कोमेजत जातो. लाइटिंगमधल्या अडचणी सामानापेक्षा या घाईतून जास्त येतात, असं माझं अनुभवाने बनलेलं मत आहे.

म्हणून पहिला फोटो सगळे फ्लॅश बंद ठेवून काढा. घरात किंवा हॉलमध्ये आयएसओ १००, शटर १/२०० सेकंद आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ठेवलं तर फोटो बहुतेक काळा येईल. तसा तो यायलाच हवा. आता पुढच्या फोटोत जो प्रकाश दिसेल तो फक्त तुमच्या लाइटचा. काळ्या फोटोत कुठे पिवळट बल्ब किंवा खिडकीची पट्टी उमटली असेल, तर तेही आधीच कळतं. मग मुख्य लाइट एकटा पेटवा, तो मनासारखा बसवा आणि त्यानंतरच दुसऱ्याला हात लावा.

फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी लहान अंशात येऊन जातो. त्यामुळे ठरावीक मर्यादेच्या आत शटर बदललं तरी त्याच्यावर परिणाम होत नाही. शटरने फक्त आसपासचा प्रकाश कमीजास्त होतो. अॅपर्चर आणि आयएसओने दोन्ही बदलतात आणि पॉवरने फक्त फ्लॅश. चेहरा बरोबर पण मागची खोली फार अंधारी असेल, तर पॉवरला हात न लावता शटर १/६० वर आणून बघा.

कॅमेऱ्यातले ऑटो सापळे

ऑटो आयएसओ चालू राहिलं की प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि दोष मात्र फ्लॅशवर जातो. ऑटो व्हाइट बॅलन्सचंही (रंग सावरणाऱ्या सेटिंगचं) तेच. एका फोटोत त्वचा गुलाबी, तर पुढच्यात निळसर. दोन्ही बंद करा.

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा वापरणाऱ्यांची आणखी एक नेहमीची तक्रार असते: स्क्रीन काळी दिसते, फोकस कशावर करू? कॅमेरा एक्सपोजरचा अंदाज आधीच दाखवत असतो आणि पेटणार असलेल्या फ्लॅशची त्याला कल्पना नसते. मेनूमधला एक्सपोजर प्रिव्ह्यू बंद केला की स्क्रीन उजळते. आणि आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही. ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं यंत्र) उलटापालटा करण्याआधी हे बघून घ्या.

फोटोत काळी पट्टी

याचा अर्थ शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या, पलीकडे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० च्या जवळपास असते. त्याहून वेगात शटरचा दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग निघतो, पूर्ण सेन्सर कधीच एकदम उघडा नसतो आणि झाकलेल्या भागावर फ्लॅश पोचत नाही.

भर उन्हात एफ/२ वर मागचं धूसर ठेवायचं असेल तेव्हा शटर या मर्यादेहून वेगात न्यावं लागतं, तिथे फ्लॅशची हाय स्पीड सिंक ही सोय कामी येते. पण त्यात फ्लॅश एका झोताऐवजी लहान लहान झोतांची मालिका सोडतो आणि ताकद बरीच घटते. लहान फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये घालून दुपारच्या उन्हाशी झुंजायला लावलं तर निराशाच पदरी पडते. तेव्हा माणसाला सावलीत न्या किंवा लाइट अगदी जवळ आणा.

फ्लॅश कधी पेटतो, कधी नाही

आधी ट्रिगर हॉटशूमध्ये (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) शेवटपर्यंत सरकलाय का ते बघा, कारण जरासा तिरका बसला तरी संपर्क तुटतो. मग ट्रिगर आणि फ्लॅशवरचे चॅनल आणि ग्रुप जुळतात का ते तपासा. पाच मिनिटं गप्पा झाल्या असतील तर फ्लॅश झोपी गेलेला असतो, तेव्हा त्याची स्लीपची सोय बंद करून टाका. ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून पेटण्याच्या सोयीवर, चालवत असाल तर उन्हात तो दुसऱ्या फ्लॅशची चमक ओळखू शकत नाही. घरात उलट अडचण येते. मुख्य फ्लॅश टीटीएलवर (कॅमेराच पॉवर ठरवतो अशा ऑटोवर) असला की त्याच्या आधीच्या मोजणीच्या चमकेलाच स्लेव्ह भुलतो आणि खऱ्या वेळी गप्प बसतो. मुख्य फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा.

एकाआड एक फोटो काळा येत असेल तर ट्रिगरला दोष देऊ नका. फुल पॉवरवर फ्लॅशला पुन्हा भरायला काही सेकंद लागतात आणि आपण तेवढं थांबत नाही. तयार असल्याची खूण दिवा किंवा बीपने मिळते, तिची वाट बघा. एए सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घाला. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या अल्कलाइनवर १.५, तरीही भरण्याचा वेग रिचार्जेबलचाच जास्त असतो, कारण ते एकदम जास्त करंट देऊ शकतात. जुने आणि नवे सेल मिसळू नका.

लाइट लांब ठेवणं

माझ्या दृष्टीने सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. स्टँड फ्रेममध्ये येईल या भीतीने आपण लाइट तीन मीटरवर नेतो आणि मग म्हणतो, सॉफ्टबॉक्स असूनही सावल्या कडक का? प्रकाश मऊ पडतो तो माणसाच्या जागेवरून दिवा किती मोठा दिसतो त्यावर. ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून हातभर अंतरावर खिडकीसारखा वागतो आणि तीन मीटरवर तोच ठिपका होतो. फ्लॅशच्या डोक्यावर बसवायची प्लॅस्टिकची टोपीही मोकळ्या मैदानात काही मऊ करत नाही. ती प्रकाश चहूकडे उधळते आणि परतवायला भिंती नसतात.

अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तीन मीटरवरून एक मीटरवर आलात तर नऊपट. जिथे १/२ पॉवर लागत होती तिथे १/१६ च्या आसपास भागतं, फ्लॅश लगेच भरतो आणि बॅटरी दिवसभर पुरते.

याच नियमाने मागची भिंतही हातात येते. लाइट चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे आणखी एक मीटरवर असेल, तर भिंतीला चौथा हिस्सा मिळतो आणि ती दोन स्टॉप काळवंडते. लाइट तीन मीटरवर नेला तर फरक एका स्टॉपच्याही आत येतो. पण गटाचा फोटो काढताना जवळचा लाइट घात करतो. कडेचा माणूस भाजून निघतो आणि दुसऱ्या टोकाचा अंधारात जातो. तिथे लाइट मुद्दाम मागे आणि उंच न्या.

चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसला तर लाइट आणखी वर घ्या किंवा बाजूला सरकवा. तेवढ्याने नाही भागलं तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायला सांगा. काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब निसटतं.

दोन रंगांची त्वचा

फ्लॅशचा प्रकाश ५५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपास असतो, घरातल्या पिवळ्या बल्बचा २७०० ते ३२००. दोन्ही एकत्र पडले की व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी एक बाजू बिघडतेच. शक्य असेल तर खोलीतले दिवे सरळ बंद करा. ते फोटोत हवेच असतील तर फ्लॅशवर सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक कागद) लावा आणि कॅमेरा ३२०० वर ठेवा. जेल थोडा प्रकाश खातं, तेवढी पॉवर वाढवा.

एलईडी पॅनल घेऊन फिरणाऱ्यांनी लुकलुकीमुळे फोटोत उमटणाऱ्या पट्ट्यांवर लक्ष ठेवायला हवं. ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तिथे शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झवर १/१२० किंवा १/६०. काही स्वस्त पॅनल बॅटरीवर असूनही मंद केल्यावर लुकलुकतात, म्हणून चाचणी फुल ब्राइटनेसवर न करता ज्या पातळीवर वापरणार त्यावरच करा.

स्टँड पडतो तेव्हा

पाय अर्धवट उघडून स्टँड उभा करणं ही सवय सोडा. पाय पुरते पसरा आणि सॉफ्टबॉक्स ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेला एक पाय आणा. उंची वाढवताना आधी जाड नळ्या उघडा, सर्वांत बारीक नळी शेवटी. वाळूची पिशवी पायावर अशी टेका की तिचं वजन स्टँडवरच येईल. मोकळ्यावर छत्री म्हणजे शीडच. साध्या झुळुकीनेही ती स्टँड उपडा करते, आणि खाली कुणाचं मूल खेळत असू शकतं. वारा असेल तर छत्री मिटवून ठेवा, उघडा फ्लॅश वापरा किंवा स्टँड धरायला एक माणूस उभा करा आणि फोटो संपेपर्यंत त्याला दुसरं काही काम सांगू नका.