लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना आवाज कसा सांभाळाल?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्वदच्या दशकात झालेल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी अजून कपाटात पडून आहेत. त्यांत हळदीला बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी असतात, आणि ती म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांपैकी कित्येकजणी आता नाहीत. चित्र जरा पुसट आलं तरी माणूस ओळखू येतो, पण आवाज गेला की गाणंच गेलं. म्हणून होम थिएटर कोणतं घ्यायचं हे नंतर बघू. आधी कॅसेटमधला आवाज धड बाहेर काढायचा.

कॅसेटच्या खिडकीतून रिळं उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट मशिनमध्ये घालायचीच नाही. फीत वाचणारा हेड खराब होतो आणि पुढच्या कॅसेटीही खराब होतात. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. रिळं स्वच्छ असतील तर कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसलं जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेली फीत त्यानं मोकळी होते. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर कॅसेटी ठेवू नका. आपल्याकडचं ऊन फितीला सोसत नाही.

कॅसेट चालवायचा व्हीसीआर जुनाच शोधावा लागतो, कारण जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. जोडणी सोपी: पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. व्हीसीआरवर आवाजाचं एकच छिद्र असेल तर तो मोनो, म्हणजे एकाच आवाजाचा आहे, तिथे पांढरी लावा. दुसरं टोक युएसबी कॅप्चर कार्डात (कॅसेटचं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये उतरवणारं छोटं यंत्र) आणि कार्ड लॅपटॉपला. सॉफ्टवेअरमध्ये पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. चुकून एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) राहिलं तर चित्र काळंपांढरं दिसतं नाहीतर गरगरतं.

आता खरं काम. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी कॅसेटमधली सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा शोधा. बहुतेक ती वरातीतल्या बँडची असते. तिथे सॉफ्टवेअरमधलं आवाजाचं मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि तो पुढे कशानंही दुरुस्त होत नाही. हळू आलेला मात्र नंतर वाढवता येतो. मागे सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच तो थांबतो. व्हीसीआर इन्व्हर्टरवर असलेला बरा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

फितीची सरसर कमी करायला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. कुणी बोलत नसलेला सेकंदभराचा तुकडा नमुना म्हणून द्या आणि ६ ते १० डेसिबलच कमी करा. हाव केली तर बायका पाण्याखालून गातायत असं वाटतं, आणि टाळीबरोबर वाजणाऱ्या बांगड्या तर साफ नाहीशा होतात. माझ्या मते थोडी सरसर राहिलेली चांगली.

डीव्हीडीसाठी आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची ते) ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, ४४.१ हे सीडीचं माप आहे. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात, म्हणजे बऱ्या दर्जाचे दोन तास. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कमध्ये कोंबण्यापेक्षा दोन डिस्क करा. डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ डीव्हीडी बनवा, नुसती फाइल टाकलेली डिस्क जुने प्लेअर वाचतीलच असं नाही. बर्निंगचा, म्हणजे डिस्कवर उतरवण्याचा, वेग ४ किंवा ८ पट ठेवा.

होम थिएटरवर लावताना ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असले मोड बंद. मूळ आवाज मोनो आहे, त्याला पाच दिशांना फिरवून काही मिळत नाही. साधा स्टिरिओ ठेवा, किंवा प्रो लॉजिक हा मोड, म्हणजे गाणं मधल्या स्पीकरमधून स्पष्ट येईल. सबवूफर (खर्जाचा स्पीकर) कमी करा; तो फितीची घरघरच मोठी करतो. पुढचे दोन स्पीकर कपाटावर चढवू नका, बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या, आणि त्यांच्यात जेवढं अंतर तेवढंच तुमच्यापासून ठेवा. स्लॅबच्या घरात फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. जमिनीवर गोधड्या अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. फरक लगेच कळेल.

डिस्कही कालांतरानं खराब होते, म्हणून मूळ कॅप्चर केलेली फाइल हार्ड डिस्कवर ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी. कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका.