मेटल बँडचा गिग भरायचा कसा

स्वतःची पाच-सहा गाणी बसली आहेत आणि जॅमरूममध्ये (सरावाच्या खोलीत) न थांबता चाळीस मिनिटं वाजवता येतं, असं धरून पुढचं, म्हणजे गिग (तिकीट लावून केलेला कार्यक्रम) माणसांनी कसा भरायचा ते, लिहितोय. ते जमत नसेल तर आधी ते करा, जाहिरात कुठे पळून जात नाही. मी पुण्यात बारा-तेरा वर्षं एका डेथ मेटल (गुरगुरत गायलेलं, फार कडक रॉक) बँडमध्ये बेस वाजवतो. बेसिस्टचा आवाज मिक्समध्ये कुणाला ऐकू येत नाही, म्हणून बहुधा पोस्टर, तिकिटं, हॉटेलवाल्याशी घासाघीस ही सगळी कामं त्याच्या गळ्यात पडतात. माझ्याही पडली.

१. गाणं बाहेर काढा

डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणं चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांपर्यंत ते पोहोचवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि आपल्याकडे मिक्स नेहमी आदल्या रात्री तीनला संपतो. बँडकॅम्पवर, म्हणजे बँडकडून थेट गाणी विकत घेता येतात त्या साइटवर, पान हवंच. आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याचे स्पॉटिफाय २०२४ पासून पैसे देत नाही. बँडकॅम्पवर मात्र जर्मनीतला कुणी अनोळखी माणूस अख्खा अल्बम विकत घेतो आणि वर 'टी-शर्ट आहे का' म्हणून विचारतो. मेटलवाल्यांना अजून संगीत विकत घ्यायची सवय आहे, तिचा फायदा घ्या. जो गाणी रचतो त्याने आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं. मेटल आर्काइव्ह्जवर (मेटल बँडच्या ऑनलाइन कोशात) बँडची नोंद करा. झालं.

२. फोटो, ओळख, लोगो

पडक्या गिरणीत हाताची घडी घालून काढलेला फोटो नको, स्टेजवरचा घामेजलेला द्या. ओळख चार ओळींची: गाव, प्रकार, काय रिलीज केलंय, कुठे वाजवलंय. 'पाच मित्रांच्या वेडातून जन्मलेला' वगैरे वाचलं की माणूस पुढे सरकतो.

लोगो काट्याकुट्यांचा, वडाच्या पारंब्यांसारखा असू दे, ती परंपराच आहे. पण पोस्टरवर त्याखाली नाव साध्या अक्षरांत छापा. आमच्या पहिल्या पोस्टरवरचं नाव आमच्याच गिटारिस्टच्या आईला वाचता आलं नव्हतं, आणि तिने तर ते घरात महिनाभर पाहिलेलं होतं.

३. व्हिडिओ

'रोज रील टाका' हा सल्ला देणाऱ्याने एकही गिग भरलेला नसतो. आठवड्यातून एक टाका, पण त्यात काहीतरी घडताना दिसू दे. ड्रमरच्या पायांवर कॅमेरा ठेवून काढलेला डबल बेस ड्रमचा (दोन्ही पायांनी वाजवायच्या) वीस सेकंदांचा तुकडा आमच्या अख्ख्या म्युझिक व्हिडिओपेक्षा लांब गेला. त्या व्हिडिओवर आम्ही ऐंशी हजार घालवले होते.

दिल्लीच्या ब्लडीवुडचं उदाहरण हटकून दिलं जातं. यूट्यूबवर पॉप गाण्यांचं मेटल करता करता ते २०१९ मध्ये जर्मनीत वाकेनच्या मोठ्या मेटल महोत्सवाला पोहोचले, हे खरं. पण बंगळुरूचा क्रिप्टोस १९९८ पासून वाजवतोय आणि वाकेनला गेला २०१३ मध्ये. मुंबईचा डेमोनिक रिझरेक्शन २००० सालचा. त्याच्या साहिल मखिजाने गिग मिळत नाहीत म्हणून कुढत न बसता स्वतःचं लेबल काढलं आणि गिगही स्वतःच भरवले. व्हायरल होणं आपल्या हातात नाही, गिग भरवणं आहे.

४. तारीख, जागा, लाइनअप

इंजिनिअरिंगच्या परीक्षा आणि भारताची मॅच हे दिवस सोडा. गणपतीचे दहा दिवस तर सोडाच, पण त्याआधीचे दोन महिनेही जपून, कारण निम्मे ड्रमर आणि पाव प्रेक्षक संध्याकाळी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला असतात. एकाच शहरात तीन महिन्यांतून एकदाच वाजवा. दर पंधरवड्याला दिसणाऱ्या बँडसाठी कुणी दोन बस बदलून येत नाही.

जागा ठरवताना पहिला प्रश्न वयाचा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. त्यामुळे बरीच ठिकाणं २१ च्या खालच्यांना दारातूनच परत पाठवतात. आपला ऐकणारा एफवाय-एसवायला आहे. त्याला रस्त्यावर उभं ठेवून आत रिकाम्या टेबलांपुढे वाजवायचं असेल तर खुशाल वाजवा. दुसरं म्हणजे भाडं, किमान हमी (गर्दी झाली नाही तरी जागेला द्यायची रक्कम) आणि दारावरच्या पैशांची वाटणी, सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणार असाल तर त्या जागेकडे आयपीआरएसचा परवाना आहे का, तेही विचारा. उघड्यावर असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद होणार, त्या हिशेबाने सुरुवात ठरवा.

बँड तीन, फार तर चार. पाचवा घेतलात की गिगचं स्नेहसंमेलन होतं.

५. खोली भरणं

इथे मी सपशेल आपटलो होतो, म्हणून जरा सविस्तर.

आमचा दुसराच गिग. फेसबुकच्या इव्हेंटवर ३४० जणांनी 'येणार' म्हणून टिचकी मारलेली. आम्ही हवेत. आले २३. त्यातले ११ इतर दोन बँडमधले, एक आमच्या व्होकलिस्टची मैत्रीण, आणि ड्रमरची आई व मामा. मामा पहिल्याच ग्रोलला (गुरगुराटाला) बाहेर जाऊन बसले. मालकाला किमान हमीचे पैसे देण्यासाठी मी माझा डिस्टॉर्शन पेडल विकला. निघताना तो माणूस अगदी प्रेमाने म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी आधी कल्पना द्या, आम्ही मोठ्या पडद्यावर मॅच लावत जाऊ."

त्या रात्री एवढं कळलं की पोस्टर पाहून कुणी येत नाही. पोस्टर माणसाला तारीख सांगतं, घरातून उठवत नाही. उठवावं आपल्याला लागतं, आणि एकेकाला.

तेव्हापासून मी वही ठेवतो. फोन नको, वहीच. गिगच्या २१ दिवस आधी बँडमधला प्रत्येक जण तीत वीस नावं लिहितो. नात्यातली माणसं पहिल्या गिगनंतर मोजायची नाहीत, ती तुमच्यावर प्रेम करतात, ब्लास्ट बीटवर (ड्रमच्या सुसाट माऱ्यावर) नाही. ज्याने कधी ना कधी असल्या आवाजासाठी घर सोडलंय त्याचंच नाव लिहायचं. वीस होत नाहीत? मग तुम्ही दुसऱ्यांच्या गिगला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट मी नव्या पोरांना सांगून थकलो. दुसऱ्यांच्या गिगला जा, तिकीट काढून जा, पुढे उभे राहा, शेवटच्या बँडपर्यंत थांबा. माझ्या वहीतली निम्म्याहून जास्त नावं दुसऱ्यांच्या मॉश पिटमधून (स्टेजपुढच्या धक्काबुक्कीच्या नाचातून) आली आहेत. आणि स्वतःचा सेट संपला की गिटार पाठीला लावून आपली दहा माणसं घेऊन निघून जाणारा बँड मी पुन्हा बोलावत नाही, मग तो कितीही चांगला वाजवत असो.

मग निरोप. ग्रुपवर पोस्टर चिकटवणं म्हणजे निरोप नव्हे. एकेकाला, त्याच्या नावाने, असं काहीसं लिहा:

"अरे, १८ ला शनिवारी आमचा गिग आहे. आम्ही साडेआठला चढतोय, पावणेदहाला सगळं आटपतं, तुझी शेवटची पीएमटी चुकणार नाही. तुझं तिकीट ठेवू का?"

सगळी गंमत शेवटच्या चार शब्दांत आहे. 'ये नक्की' म्हटलं की अंगठा येतो. 'ठेवू का' म्हटलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. पुण्यात 'बघतो रे' म्हणजे नाही. 'शंभर टक्के येतो' म्हणजेसुद्धा नाही. पैसे आले म्हणजे हो. वहीत पैसे आलेल्या नावापुढेच बरोबरची खूण करायची, बाकी सगळी नावं कोरी.

तिकीट आधी २५० असेल तर दारावर ४०० ठेवा, आणि दारावर कुणासाठीही कमी करू नका, बालमित्रासाठीही नाही. एकाला अडीचशेत सोडलंत की पुढच्या गिगला आगाऊ कुणी घेत नाही. फुकट पास तर वाटूच नका. मी एकदा ४० वाटले, सहा आले. फुकट मिळालेलं तिकीट पाऊस पडला की घरीच राहतं, आणि पुण्यात नेमका तेव्हाच पाऊस पडतो.

आता सगळ्यात अवघड भाग. इतर बँडना विचारायचं, "तुमची किती झाली?" मला हे विचारायची लाज वाटायची. सगळे मित्रच, कसं विचारणार? न विचारल्यामुळे एका गिगला आमची ५२ माणसं, दुसऱ्यांची चार आणि तिसऱ्यांची शून्य अशी वेळ आली. पैसे समान वाटायचं ठरलेलं होतं. मी तिथेच चारचौघांत तोंड सोडलं आणि एक चांगला मित्र गमावला. चूक त्याची नव्हती. त्याला आकडा कुणी सांगितलाच नव्हता. आता होकार देतानाच ठरतं: प्रत्येक बँडने आगाऊ १५ तिकिटं विकायची, सगळ्यांना दिसेल अशा एका शीटवर रोज आकडा टाकायचा, आणि दहा दिवस आधी कुणी पाचच्या खाली असेल तर त्याला फोन. फोन रागवायला नाही, मदत लागते का ते विचारायला. बहुतेकदा त्याने अजून कुणाला विचारलेलंच नसतं.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर शेवटच्या चार दिवसांत पाचशे रुपयांची, शहराभोवती दहा किलोमीटरपुरती. मी एकदा तीन हजार घालवले आणि भलत्याच राज्यांतून लाइक आले. त्यापेक्षा गिटारच्या दुकानात, जॅमपॅडच्या भिंतीवर, हॉस्टेलच्या मेसबाहेर छापील पोस्टर लावा. मेसवाल्या काकांना आधी विचारा, नाहीतर त्यावर दुसऱ्या दिवशी डब्याचे दर चिकटलेले दिसतील. आमच्या आधीच्या पिढीने मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव गर्दीत उभं राहून ऐकला, आणि तेव्हा तर खिशात फोनही नव्हता.

दोन दिवस आधी वेळापत्रक जाहीर करा, कोण किती वाजता ते मिनिटासकट, आणि ते पाळा. आपल्याकडचे मेटल गिग दीड तास उशिरा सुरू होतात आणि मग चिंचवडला जाणारी पोरं मुख्य बँडच्या तिसऱ्या गाण्याला निघतात. मुंबईत तर शेवटच्या विरार लोकलशी शर्यत असते. वेळ वाया जातो तो दोन बँडच्या मध्ये. ड्रमकिट सगळ्यांना एकच, स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ज्याने त्याने आणायचं, अदलाबदलीला १५ मिनिटं. सोळाव्या मिनिटाला त्या बँडचं शेवटचं गाणं कापलं जाईल, हे आधीच सांगा, आणि एकदा खरंच कापा. आम्ही पहिल्यांदा कापलं ते आमचंच.

६. गिगच्या दिवशी

टी-शर्टचं टेबल दाराजवळ, काळे, एल आणि एक्सएल जास्त, यूपीआयचा कोड मोठा छापलेला. टेबलावर वही उघडी ठेवा आणि अनोळखी चेहऱ्यांकडून नाव-नंबर लिहून घ्या. दारावर बँडबाहेरचा कुणीतरी खमक्या माणूस बसवा. आमच्याकडे ड्रमरची आई बसते. तिच्यापुढे अजून कुणी चारशेचे साडेतीनशे केलेले नाहीत.

७. दुसऱ्या दिवशी

साउंडवाल्या दादाचे पैसे सगळ्यात आधी, शक्यतो त्याच रात्री. मग बँडचे, मग उरले तर आपले. वहीतल्या नव्या नावांना दोन ओळींचा निरोप, जमलं तर ते ज्यात दिसतात असा एखादा फोटो. मागच्या गिगला ७१ जण आले, त्यातले नऊ मी आधी कधीच पाहिले नव्हते. त्यांची नावं पुढच्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवली आहेत.